जाधवांचं मूळ शोधायचंय? मग आधी आडनाव बाजूला ठेवा

सर्चमध्ये 'जाधव' टाकलं की पहिल्या पानावरच सिंदखेडराजा येतं, लखुजीराव येतात, देवगिरीचे यादव येतात, आणि अर्ध्या तासात माणूस स्वतःला जिजाऊंच्या माहेरचा समजायला लागतो. असूही शकेल कोणी, नाही म्हणत नाही. पण लखुजीराव मारले गेले 1629 ला आणि तुमच्या पणजोबांचा पहिला कागद सापडणार 1900 च्या आसपासचा, मधली पावणेतीनशे वर्षं कोण भरून देणार? नुसतं आडनाव सारखं असून काही होत नाही, आणि जाधव तर मराठ्यांत आहेत, कुणब्यांत आहेत, धनगरांत आहेत, बौद्ध समाजात आहेत, कोळ्यांत आहेत, आणि बंजाऱ्यांत तर राठोड, पवार, चव्हाण, जाधव हे मुख्य गोतच आहेत. म्हणजे एकाच तालुक्यात चार वेगवेगळे जाधव, एकमेकांशी रक्ताचं काही नातं नाही, असं सर्रास असतं.

त्यामुळे खाली जे सांगतोय ते जाधव धरून सांगतोय, पण पवार, शिंदे, मोरे, गायकवाड, कांबळे कुणालाही लागू आहे. एकच नियम: वरून खाली यायचं नाही, खालून वर जायचं. आणि हातात तीन गोष्टी पाहिजेत, गाव, बापाचं नाव आणि जमीन. आडनाव चौथं. एकोणिसाव्या शतकातल्या गावच्या कागदात आडनाव बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं, ते पुढे येईलच.

सुरुवात घरातून

कुठल्याही ऑफिसला जायच्या आधी घरातली पत्र्याची पेटी उघडा. जुनी खरेदीखतं, सोसायटीची कर्जाची पासबुकं, शाळा सोडल्याचे दाखले, लग्नपत्रिका (पत्रिकेत 'मूळ राहणार' लिहायची पद्धत होती, सोनं आहे ते), रेशनकार्ड, वारस नोंदीच्या नकला. सगळ्याचे फोटो काढा, कागदाच्या मागच्या बाजूचेसुद्धा, कारण तारखा आणि शिक्के बऱ्याचदा मागेच असतात.

मग म्हातारी माणसं. यांना 'आपला इतिहास सांगा' असं विचारलं की शिवाजी महाराजांपासून सुरू होतात, त्यापेक्षा छोटे प्रश्न विचारा. सुतक कुणाकुणाचं धरतो आपण? हा सगळ्यात कामाचा प्रश्न. ज्यांचं सुतक धरतात ती भावकी, आणि दुसऱ्या कुठल्या गावातल्या जाधवांचं सुतक धरत असतील तर ते गाव लगेच लिहून घ्या, कारण तिथून फुटून आलेली ही शाखा असण्याची शक्यता फार. दुसरा प्रश्न, जत्रेला आणि बोकड द्यायला कुठं जायचे? तिसरा, कुलदैवत कुठलं आणि देवक काय? हे पुरावा नाही बरं का, जेजुरी आणि तुळजापूर अर्ध्या महाराष्ट्राचं कुलदैवत आहे, पण एखादं अगदी छोटं, आडबाजूच्या गावातलं देवस्थान निघालं तर मात्र कान टवकारा. चौथा, आत्या आणि आज्या कुठल्या गावच्या? सोयरीक जुन्या काळी बैलगाडीच्या टप्प्यातच व्हायची, त्यामुळे तीन-चार पिढ्यांची सोयऱ्यांची गावं नकाशावर मांडली की मूळ गावाचा अंदाज आपोआप येतो.

आणि हो, गावाचं नाव घेतलं की बुद्रुक की खुर्द, तालुका कुठला, वाडी कुठली, हे तिथल्या तिथे विचारून टाका. वडगाव आणि पिंपळगाव नावाची गावं किती आहेत ते मोजायलाही जाऊ नका. गाव धरणात गेलंय का तेही विचारा, कोयना आणि उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचे लोक आज भलत्याच तालुक्यात राहतात आणि जुने कागद जुन्या गावाच्या नावानेच आहेत.

गाव तेव्हा कुणाच्या राज्यात होतं

ही पायरी लोकं विसरतात आणि मग चुकीच्या दारात उभी राहतात. आजचा जिल्हा विसरा. 1818 ला पेशवाई गेली तेव्हा पुणे, नगर, खानदेश, कोकण हे थेट कंपनीकडे गेलं, साताऱ्याचं राज्य मात्र 1848 पर्यंत वेगळं होतं. कोल्हापूर, सांगली, मिरज, जत, फलटण, भोर, औंध, अक्कलकोट ही संस्थानं तर स्वातंत्र्यापर्यंत टिकली. मराठवाडा निजामाचा. वऱ्हाड 1853 ला निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं आणि नागपूरकर भोसल्यांचं राज्यही त्याच सुमारास खालसा झालं, तिथून पुढे 1861 ला मध्य प्रांत.

याचा अर्थ काय, तर भोर संस्थानातल्या गावचे कागद आणि शेजारच्याच इंग्रजी मुलखातल्या गावचे कागद वेगळ्या पद्धतीने लिहिलेले आणि वेगळ्या ठिकाणी ठेवलेले असू शकतात. मराठवाड्यातल्या गावांचे बरेच जुने कागद उर्दूत आहेत, तिथे मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, शिकून अर्धंच काम होणार. विदर्भात तर उताऱ्यांची नावंच वेगळी, तिकडे 'अधिकार अभिलेख' आणि 'मिसल बंदोबस्त' मागायचं, आणि इंग्रजी कागदात जाधवच्या शेवटी 'व्ही' ऐवजी 'ओ' लावलेला सापडेल. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज साहेबांनी तर 'डी, ओ, डब्ल्यू' असंही लिहून ठेवलंय. सर्च करताना सगळे प्रकार टाकून बघा.

राज्य सरकारची पुराभिलेखागारं मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. पण एकदम तिकडे पळू नका. आधी तहसील.

जमिनीच्या कागदाने मागे मागे

आजचा सातबारा घ्या. त्यावर फेरफार नंबर, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे नंबर असतात, गोलात लिहिलेले. ते एकेक नंबर म्हणजे एकेक जिना आहे. शेवटचा फेरफार काढा, त्यात आधीचा मालक, मग त्याच्या वारस नोंदीचा फेरफार, मग त्याच्या आधीचा. वारस नोंदीत मयताचं नाव, मयत झाल्याचा काळ, मुलं, विधवा, कधीकधी मुलीसुद्धा लिहिलेल्या असतात, म्हणजे एका फेरफारात अख्खी पिढी. मधे 'ए.कु.मॅ.' दिसेल, ते एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे थोरल्या भावाच्या नावावर जमीन लागली पण बाकीचे भाऊ आहेत, त्यांना शोधायचंय. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता, मूल लहान होतं आणि आई किंवा चुलता पालक. दोन्ही खुणा फार कामाच्या, वारसात नावं गळतात ती याच ठिकाणी.

एक अडथळा हमखास येतो. जुन्या कागदात सर्व्हे नंबर आणि आज गट नंबर. 1947 च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर गावोगाव टप्प्याटप्प्याने गट पडले, त्यामुळे जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यांचं जुळणी पत्रक मागायचं. ते नसेल तर तुम्ही भलत्याच शेताचा इतिहास काढत बसाल. बऱ्याच तालुक्यांचे जुने सातबारे आणि फेरफार आता 'आपले अभिलेख' वर स्कॅन करून ठेवलेत, तिथे आधी बघा, नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प लावून. अर्जात 'आमच्या पूर्वजांची सगळी माहिती मिळावी' असलं लिहू नका, कुणीही शोधणार नाही. गाव, सर्व्हे नंबर, कागदाचं नाव आणि अंदाजे वर्षं, एवढंच.

असं मागे जात जात तुम्ही साधारण 1910 च्या आसपास येऊन अडकाल. अडकणारच, कारण हक्कनोंदणी मुळात 1903 च्या कायद्याने सुरू झाली आणि 1913 ला ती जमीन महसूल कायद्यात घेतली, त्यामुळे फेरफाराचं रजिस्टर त्याच काळात उघडलं. बहुतेक लोकं इथे सोडून देतात, आणि खरं एकोणिसावं शतक इथूनच सुरू होतं.

त्याच्या मागे आहे इंग्रजांची जमीन मोजणी. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यात 1835-36 ला जी पद्धत बसवली ती पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात पसरली, एकेक शेत मोजायचं, नंबर द्यायचा, मातीचा कस बघून आकार ठरवायचा आणि तो 30 वर्षं तसाच ठेवायचा. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे की रयतवारी असल्यामुळे प्रत्येक नंबरापुढे खातेदाराचं नाव आलं. जमीनदाराचं नाही, कसणाऱ्या कुणब्याचं. 30 वर्षांनी फेरमोजणी झाली, इंदापुरात ती 1860 च्या दशकात, बाकीकडे पुढे, आणि तेव्हा पुन्हा नावं लिहिली गेली. म्हणजे तुमच्याकडे एकाच शेताची दोन वेळची हजेरी आहे. पहिल्या वेळी बाप, दुसऱ्या वेळी मुलगा.

हे कागद तहसीलपेक्षा तालुक्याच्या भूमी अभिलेख ऑफिसमध्ये असण्याची शक्यता जास्त. शेतवार पत्रक, आकारबंद, टिपण बुक, कडई पत्रक, कोकणात फैसल पत्रक अशी नावं ऐकू येतील. टिपण बुकात माणसं कमी, मापं जास्त, त्यामुळे आधी शेतवार मागा. बरेच मोडीत असतात. आणि खरं सांगायचं तर काही गावांचे कागद वाळवीने खाल्लेत किंवा इतके ठिसूळ झालेत की गठ्ठा सोडायलाच नकार मिळतो, अशा वेळी वाद घालत बसण्यापेक्षा शेजारच्या पायरीवर जा.

नाव कसं दिसतं ते आधी समजून घ्या

समजा तुमच्या खापरपणजोबांचं नाव राणोजी आणि त्यांच्या वडलांचं सटवाजी. तुम्ही 'राणोजी सटवाजी जाधव' शोधताय. कागदात मात्र असेल 'राणू बिन सटवा', झालं, एवढंच. 'बिन' म्हणजे चा मुलगा, 'वलद' किंवा 'वल्लद' म्हणजे तेच. बाईचं नाव असेल तर 'कोम', म्हणजे ची बायको, 'गंगाबाई कोम राणोजी'. आडनाव लिहिलं तर लिहिलं. त्यात 'जी' लावायचा की नाही हे लिहिणाऱ्या कुलकर्ण्याच्या मनावर आणि समोरच्याच्या ऐपतीवर, त्यामुळे राणू, राणोजी, रानबा हा एकच माणूस असू शकतो आणि नसूही शकतो. म्हणून तर जमीन पाहिजे हातात, तोच सर्व्हे नंबर असेल तर तोच माणूस.

दुसरी गंमत म्हणजे पाटील. घरात पाटीलकी असली की कागदात जाधव गायब आणि 'सटवाजी पाटील' उरतो. पुढे एका भावाच्या पोरांनी शाळेत पाटील लावलं आणि दुसऱ्याच्या पोरांनी जाधव, आज ती दोन वेगळी घराणी वाटतात. मुंबईला गेलेल्याने गावावरून 'कर' लावलं तर तिसरं. एका गावात भावकी एक आणि आडनावं तीन, हे आडनाव एक आणि भावकी तीन यापेक्षा कमी नसतं.

महार समाजातल्या घराण्यांचा शोध घेत असाल तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची नावं 'नाक' लागून येतात, 1818 च्या कोरेगावच्या लढाईच्या जयस्तंभावरसुद्धा अशीच नावं कोरलेली आहेत, तिथे आडनाव शोधून उपयोग नाही. तुमच्यासाठी महार वतनाचे (गावकामाबद्दल मिळालेला वंशपरंपरागत हक्क) कागद आणि पलटणीच्या पेन्शनचे कागद हा रस्ता जास्त चांगला. बंजारा जाधवांनी तांडा आणि नायकाचं नाव धरायचं, कारण रेल्वे येईपर्यंत लदेणीचे, म्हणजे माल वाहायचे, बैल घेऊन फिरणं हाच धंदा होता आणि गावच्या जमिनीच्या कागदात ही घराणी उशिरा येतात. जुन्या इंग्रजी कागदात लमाण आणि वंजारी यांची सरमिसळ केलेली असते, हे दोन वेगळे समाज आहेत, तेव्हा नोंद डोळे उघडे ठेवून वाचा.

जातीच्या रकान्याबद्दल पण सांगून ठेवतो. एकाच घरातल्या दोन भावांपुढे एका कागदात 'कुणबी' आणि दुसऱ्यात 'मराठा' असं लिहिलेलं सापडतं. लिहिणारा वेगळा, वर्ष वेगळं, कारण वेगळं. तुमच्या नोंदीत जसं आहे तसं उतरवून घ्या, स्वतःच्या मनाने 'सुधारू' नका.

तारखांचा घोळ

जुन्या मोडी कागदात इसवी सन बऱ्याचदा नसतं. शके असेल तर 78 मिळवा, मार्गशीर्ष-पौषाच्या पुढचा महिना असला तर बहुतेक 79. शके 1800 म्हणजे 1878-79. फसली, म्हणजे सारावसुलीचं साल, असेल तर आपल्याकडच्या दख्खनी फसलीत 590 मिळवायचे, फसली 1286 म्हणजे 1876-77, मोठ्या दुष्काळाचं साल. उत्तरेकडची फसली वेगळी असते, नेटवर मिळणारी कन्व्हर्टर बऱ्याचदा तिकडचा हिशोब देतात, तो इथे लावला की दोन वर्षांचा फरक पडतो.

पेशवाईच्या शेवटापर्यंतच्या कागदात सुहूर सन येतो, तो अरबी शब्दांत लिहिलेला आणि एकक आधी. 'समान अशर मयातैन व अलफ', म्हणजे 8 आणि 10 आणि 200 आणि 1000, 1218. त्यात 599 मिळवले की 1817, म्हणजे 1817-18, पेशवाईचं शेवटचं साल. एकदा दहा-वीस शब्द पाठ केले की फार अवघड नाही. फसली आणि सुहूर वर्षं पावसाळ्याच्या तोंडाशी बदलतात आणि शके चैत्रात, म्हणून नेहमी दोन इसवी सनं जोडून लिहायची.

मोडी शिकायचीच का? पूर्ण शिकलात तर उत्तमच, पुण्याच्या पुराभिलेखागारातर्फे वर्ग होतात, इतर संस्थाही घेतात. पण सुरुवातीला एवढंच करा, स्वतःचं आडनाव, गावाचं नाव, 'बिन', 'मौजे', 'पाटील', 'शके' आणि आकडे, एवढे शब्द मोडीत कसे दिसतात ते कागदावर गिरवून डोळ्यात बसवा. मोडीत आधी अख्खी रेघ ओढून मग अक्षरं लटकवलेली असतात, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो, त्यामुळे वाचण्यापेक्षा ओळखणं आधी येतं. पान ओळखता आलं की मग तेवढंच पान जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यायचं, अख्खं रजिस्टर वाचायला देऊन खिसा रिकामा करायची गरज नाही.

वतन, इनाम असेल तर नशीब उघडलं

घरात पाटीलकी, देशमुखी, देवस्थानची इनाम जमीन, अगदी गुरवकी किंवा महारकी काहीही असलं तर तुमचा शोध एकदम सोपा होतो, आणि त्याला कारण इंग्रजांचा कंजूषपणा. करमाफ जमिनी खूप आहेत, त्या खऱ्या किती ते तपासा म्हणून इनाम कमिशन नेमलं, 1852 ला त्याचा कायदाच आला, आणि इनामदारांना सांगितलं की सिद्ध करा. मग लोकांनी सनदा काढल्या, महजर (गावकऱ्यांच्या साक्षीने झालेले कागद) काढले, आजा-पणजाची नावं सांगितली, भाऊबंदांचे वाद झाले, आणि ते सगळं लिहून घेतलं गेलं. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी शिव्या घातल्या असतील, पण आपल्याला मात्र त्या चौकशीतल्या कैफियतीतून चार-पाच पिढ्या एका दमात मिळू शकतात. पुढे 1874 च्या वतन कायद्यामुळे वतनदार घराण्यांची, तक्षिमांची, म्हणजे कुणाचा वाटा किती याची रजिस्टरं झाली.

हे साहित्य पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला लोक अजून पेशवे दफ्तरच म्हणतात, तिथे मोठ्या प्रमाणात आहे. 1891 ची दगडी इमारत आहे आणि आत रुमालात बांधलेले कोट्यवधी कागद. तिथे जाताना 'जाधव' म्हणून जाऊ नका. प्रांत, परगणा, तर्फ, मौजे हे चारही शब्द तयार पाहिजेत, कारण रुमाल त्या हिशोबाने लावलेत. तुमचं गाव कुठल्या तर्फेत होतं हे जुन्या खरेदीखतात किंवा मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरमधून काढता येतं. गॅझेटियर कॅम्पबेल साहेबाने जिल्हावार काढले, रत्नागिरी 1880, नाशिक 1883, सोलापूर आणि नगर 1884, पुणे आणि सातारा 1885, कोल्हापूर 1886, आणि ते नेटवर फुकट आहेत. त्यात तुमचे पणजोबा सापडणार नाहीत, पण गावात तेव्हा बाजार कधी भरायचा, विहिरी होत्या का, रस्ता कुठला, दुष्काळात काय झालं हे सापडेल.

महजर किंवा निवाडा हाताला लागला तर शेवटच्या ओळी सोडू नका. खाली गावचे सगळे हजर लोक लिहिलेले असतात आणि सही येत नसलेल्यांच्या निशाण्या, पाटलाचा आणि कुणब्याचा नांगर, बाकीच्या बलुतेदारांची आपापली हत्यारं. वाद दुसऱ्याच कुणाचा असतो, पण साक्षीला तुमचा जाधव उभा असतो.

आणि वतन नसेल तर? बहुतेकांचं नसतंच, माझ्या मते खरी मजा त्यातच आहे.

साध्या कुणब्याचे कागद

1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल करून कर्जाचे कागद जाळले, पुढे ते लोण पुणे-नगर भागात पसरलं, त्याची चौकशी झाली आणि 1879 ला डेक्कन शेतकऱ्यांचा कर्जमुक्तीचा कायदा आला. त्यात पुणे, नगर, सोलापूर, सातारा या चार जिल्ह्यांत शेतकऱ्याने केलेला दस्त गावच्या रजिस्ट्रारपुढेच व्हायला पाहिजे असं ठरवलं, म्हणजे ज्या शेतकऱ्याकडे एरवी कागदाचा कपटा नसता त्याची कर्जखतं, गहाणखतं नोंदली गेली. त्यात नाव, बापाचं नाव, धंदा, राहणार कुठला, कुठली जमीन तारण, जामीन कोण (जामीन बहुतेक भाऊबंद किंवा सोयरा!) हे सगळं. या चार जिल्ह्यांतले असाल तर 1880 नंतरच्या दस्तांचा नाद सोडू नका. बाकीच्यांसाठीही 1860 च्या दशकापासून दस्त नोंदणी आहेच, जुन्या इंडेक्सच्या वह्यांबद्दल दुय्यम निबंधक आणि जिल्ह्याच्या नोंदणी ऑफिसात विचारा.

कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, ही गावातली जन्म-मृत्यूची वही. काही तालुक्यांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासूनची शिल्लक आहे. आडनाव क्वचित, पण बापाचं नाव, जात आणि मेला तर कशाने, ताप, पटकी, देवी, असं थोडक्यात. 2023 पासून कुणबी नोंदी शोधायची सरकारी मोहीम चालू झाली त्यात हे कागद आणि शाळांची रजिस्टरं मोठ्या प्रमाणात स्कॅन झाली आणि बऱ्याच जिल्ह्यांच्या सरकारी वेबसाइटवर तालुका-गाव लावून टाकलीत. तुम्हाला दाखला काढायचा असो नसो, इतिहासासाठी हे घबाड आहे.

शाळेचं जनरल रजिस्टरसुद्धा बघा. गावची मराठी शाळा जुनी असेल तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. जन्मतारखेवर मात्र फार विश्वास ठेवू नका, 1 जूनला जन्मलेले लोक आपल्याकडे किती आहेत ते सगळ्यांना माहितीय.

जनगणनेबद्दल बरेच जण विचारतात. 1872 आणि 1881 ची जनगणना झाली खरी, पण घराघरांच्या नावांच्या याद्या आपल्याला मिळत नाहीत, फक्त आकड्यांचे तक्ते आहेत. परदेशातले लोक जनगणनेतून वंशावळ काढतात तसं इथे होत नाही.

वह्या घेऊन बसलेली माणसं

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या नोंदी असतात, कोण आलं, कुणाचं श्राद्ध केलं, बरोबर कोण, आणि कधी खाली पूर्वजाची स्वतःची सही. गाव, जात, आडनाव सांगितलं की तुमच्या गावाचे उपाध्ये कोण ते तिथलेच लोक सांगतात. दक्षिणा द्या, पण वहीतल्या पानाचा फोटो मागा, नुसतं तोंडी ऐकून उठू नका. कोल्हापूर-सांगलीकडे आणि कर्नाटकात हेळवी येतात, पूर्वी बैलावर बसून यायचे, सुगीनंतर दारात येऊन अख्खी वंशावळ म्हणून दाखवतात आणि नवीन जन्मलेल्यांची भर घालतात. ते आले की मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. त्यांच्या वहीतला वरचा भाग, म्हणजे कुठून आले, कुठल्या राजाच्या वेळी, तो गोष्ट म्हणून ऐका. खालच्या पाच-सहा पिढ्या मात्र जमिनीच्या कागदांशी लावून बघितल्या तर चांगल्याच जुळू शकतात.

पैसे घेऊन आठ दिवसांत सोनेरी कागदावर सूर्यवंशापासून वंशावळ छापून देणारे पण आहेत. घ्यायची तर घ्या, भिंतीवर छान दिसते.

साखळी तुटली की

मधेच एक पिढी गावातून नाहीशी होते. तेव्हा त्या दहा वर्षांत काय झालं ते बघा. 1876 ते 78 चा दुष्काळ असेल तर घराणं पोट भरायला दुसऱ्या मुलखात गेलं असेल, आणि जमीन सावकाराच्या नावावर लागलेली दिसेल. कोकण किंवा साताऱ्याचा वरचा भाग असेल तर मुंबई, पहिली कापड गिरणी 1854 ला उभी राहायला लागली आणि पुढच्या पन्नास वर्षांत रत्नागिरीची निम्मी वाडी गिरणगावात, किंवा मग पलटण. 1896 नंतर प्लेग, तेव्हा माणसं मुंबई-पुण्याहून उलटी गावी आली, कोतवाल बुकात मृत्यू अचानक वाढलेले दिसतात.

काही जण समुद्रापार गेले. 1834 पासून मॉरिशसला उसाच्या मळ्यात कामगार जायला लागले, त्यात रत्नागिरी-सावंतवाडीकडचे मराठी लोकही होते. त्यांच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. तिथे आडनावाने शोधू नका, नोंदीत माणसाचं नाव, बापाचं नाव आणि गाव-जिल्हा असतो, आणि पुढे माणसाचं साधं नावच पोरांचं आडनाव होऊन गेलेलं असतं. तिकडून कुणी मूळ गाव शोधत आलं तर त्यांनाही उलट्या बाजूने हीच रीत सांगा.

नोंदी ठेवायची पद्धत: प्रत्येक माणसापुढे गाव, बाप, जमीन नंबर, कागदाचं नाव, वर्ष (मूळ शके किंवा फसली आणि त्यापुढे इसवी) आणि तो कागद कुठे पाहिला ते लिहा. कागदाने जुळलेलं नातं सरळ रेघेने, तोंडी ऐकलेलं तुटक रेघेने, आणि अंदाज असेल तर प्रश्नचिन्ह. बायकांची नावं रिकामी सोडू नका, वारस फेरफारात आणि 'कोम'च्या नोंदीत ती आहेत. मूळ कागदावर पेनाने खूण करायची नाही, पेन्सिलनेही नाही. आणि तहसीलला मे-जूनमध्ये जाऊ नका, शाळा-कॉलेजच्या दाखल्यांची गर्दी असते, दिवाळी झाल्यावर जा, रेकॉर्ड रूमवाल्यांनाही थोडी फुरसत असते आणि दोन गठ्ठे जास्त सोडून देतात.